घड्याळजी, मधपाळ आणि बास मासा

लहानपणी ओढ्याकाठी ज्यांनी गळ टाकला असेल त्यांना आमचे साधन लगेच ओळखू येईल. बांबूची एक काठी, तिच्या शेंड्याला साधारण काठीइतकाच दोरा, दोऱ्याच्या टोकाला गळ आणि गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी. या साधनाला एक मोठी मर्यादा होती. काठी आणि दोरा मिळून जिथवर पोचतील, तिथवरचाच मासा आपला. त्यापलीकडे पाणगवताच्या कडेला एखादा मोठा मासा उसळी मारी आणि आम्ही नुसते बघत राहू.

हा पलीकडचा मासा गाठायचा कसा? प्रश्न साधा वाटतो, पण अमेरिकेत या प्रश्नाच्या उत्तरांतून गेल्या दोनशे वर्षांत एक मोठा उद्योग उभा राहिला. गंमत म्हणजे ही उत्तरे बहुतेक वेळा कोळ्यांनी शोधली नाहीत. ती घड्याळजींनी, बंदूक बनवणाऱ्यांनी, लोकर गिरणीवाल्यांनी आणि मधपाळांनी शोधली. आज तिथल्या दुकानात गळाची काठी, रीळ आणि आमिष निवडणारा माणूस नकळत या सर्वांच्या कामातून निवड करत असतो.

दबा धरून बसणारा मासा

हा मासा म्हणजे उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याचा बास. त्याच्या 'मायक्रोप्टेरस' या प्रजातिनामाचा अर्थ 'लहान पर असलेला' असा आहे. प्रत्यक्षात त्याचा पर काही लहान नसतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लासेपेद यांच्या हाती जो नमुना आला, त्याच्या पाठीचा पर मोडलेला होता. तेच त्या माशाचे वैशिष्ट्य समजून त्यांनी १८०२ साली हे नाव दिले आणि ते कायम राहिले.

बास पाठलाग करण्यापेक्षा दबा धरणे पसंत करतो. पाणगवत, बुडालेली झाडे किंवा खडक यांच्या आडोशाला तो थांबतो. भक्ष्य टप्प्यात आले की झेप घेऊन मोठे तोंड एकदम उघडतो, आणि आत घुसणाऱ्या पाण्याबरोबर भक्ष्यही ओढले जाते. म्हणून त्याला पकडायचे तर आमिष नेमके आडोशाजवळ पडले पाहिजे आणि तेही दुरून, कारण माणूस जवळ आला की मासा सावध होतो.

घड्याळजींचे रीळ

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकी राज्यात लोक जिवंत लहान मासा आमिष म्हणून वापरत. तो फार जोराने भिरकावला तर गळावरून निसटे किंवा मरे. तेव्हा हलक्या झटक्यातही सहज फिरेल असे रीळ हवे होते. १८१० ते १८२० च्या सुमारास पॅरिस नावाच्या तिथल्या गावी जॉर्ज स्नायडर या चांदीकाम आणि घड्याळकाम करणाऱ्या कारागिराने असे रीळ बनवले. मूठ एकदा फिरवली की दातेरी चाकांमुळे रीळ अनेकदा फिरे. असे गुणक रीळ इंग्लंडमध्ये त्याआधीही होते, पण स्नायडर आणि त्यानंतर फ्रँकफर्ट गावातील मीक बंधू व मायलम यांनी त्यात घड्याळाची अचूकता आणली. मीक बंधूही घड्याळजीच होते. बारीक दाते कापणे आणि कमीत कमी घर्षणात फिरणारा आस बसवणे हे त्यांचे रोजचेच काम होते.

पण सहज फिरणाऱ्या रिळाचा एक दोष असतो. पतंगाची फिरकी हाताळणाऱ्या कोणत्याही मुलाला तो ठाऊक आहे. मांजा जोरात सुटत असताना ओढ अचानक थांबली, तरी फिरकी फिरतच राहते आणि मांजाचा गुंता होतो. आमिष हवेत उडते तेव्हा हवेच्या विरोधामुळे त्याचा वेग कमी होत जातो. रिळाला मात्र कोणी थांबवलेले नसते. जडत्वामुळे ते आधीच्याच वेगाने फिरते, आमिषाला लागतो त्यापेक्षा जास्त दोरा सोडते आणि काठीवाल्याच्या हाती पक्ष्याचे घरटे येते. याला उपाय म्हणून रिळावर अंगठा हलका टेकवून वेग आवरावा लागे. हे जमायला महिने लागत. १९८०च्या दशकापासून काही रिळांत या कामासाठी चुंबक बसवू लागले. अ‍ॅल्युमिनियमचे रीळ चुंबकाजवळ फिरले की त्यात भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि ते फिरण्याला विरोध करतात. वेग जितका अधिक, तितका विरोधही अधिक. लेन्झचा नियम शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे.

गुंत्यावरचा दुसरा उपाय पूर्ण वेगळ्या दिशेने आला. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर. गिरणीत सूत बॉबिनवरून ओढले जाते तेव्हा बॉबिन फिरत नाही. ती उभी असते आणि सूत तिच्या टोकावरून वेढ्यावेढ्याने सुटते. तिथल्या गिरणी व्यवसायातील आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली याच तत्त्वावरच्या रिळाचे पेटंट घेतले. रीळ फिरतच नाही, म्हणून जडत्वाचा प्रश्नच उरत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनचा एकसंध दोरा सर्रास मिळू लागला आणि ही रिळे अमेरिकेतही पसरली.

याच कल्पनेकडे एक घड्याळजी वेगळ्या वाटेने पोचला. टेक्सासच्या आर. डी. हल यांनी, असे सांगतात, किराणा दुकानातील नोकराला पुडा बांधण्यासाठी न फिरणाऱ्या मोठ्या गुंडीवरून सुतळी ओढताना पाहिले. १९४७ साली ते आपली कल्पना घेऊन ओक्लाहोमातील टल्सा येथील एका कंपनीकडे गेले. ही कंपनी तेलविहिरींत वापरायचे वेळ लावलेले बॉम्ब बनवत असे. १९४९ साली तिथून रिळे बाहेर पडू लागली, आणि कंपनीच्या 'झीरो अवर बॉम्ब कंपनी' या नावाचे पुढे 'झेबको' झाले. बटण दाबून आमिष फेकता येणारी त्यांची झाकलेली रिळे लहान मुलेही वापरू शकत.

हा फरक वर्गात दाखवायला शिवणयंत्राच्या दोऱ्याचे एक रीळ पुरे. ते पेन्सिलीवर आडवे ओवा, दोरा झटक्याने ओढा आणि हात एकदम थांबवा. रीळ फिरत राहील आणि दोरा सैल पडेल. मग तेच रीळ टेबलावर उभे ठेवून दोरा वरच्या टोकावरून ओढा. रीळ जागचे हलणार नाही, दोराही सैल पडणार नाही. मात्र सुटणाऱ्या प्रत्येक वेढ्याबरोबर दोऱ्याला एक पीळ बसेल. म्हणजे एक दोष गेला आणि दुसरा आला. आजही निवड यावरूनच होते. सात-आठ ग्रॅमपेक्षा हलके आमिष फिरते रीळ नीट फिरवू शकत नाही, तिथे स्थिर रीळ बरे. जड आमिष, जाड दोरा आणि दाट पाणगवत असेल तर घड्याळजींचे फिरते रीळ.

बांबू, काच आणि कार्बन

आता काठी. आमची काठी म्हणजे तोडलेला अख्खा बांबू. पण बांबूचे बळकट तंतू बाहेरच्या सालीलगत दाट असतात. आतला भाग त्या मानाने मऊ. म्हणून बांबू चिरून सालीकडच्या पट्ट्या काढायच्या, त्यांना त्रिकोणी आकार द्यायचा आणि साल बाहेर राहील अशा बेताने त्या चिकटवायच्या, ही युक्ती निघाली. अमेरिकेत १८४०च्या दशकात ती वापरणारे सॅम्युएल फिलिप हे पेनसिल्व्हेनियातील बंदूक बनवणारे कारागीर होते. पुढे सहा पट्ट्यांची षट्कोनी काठी रूढ झाली. काठी वाकते तेव्हा सर्वात जास्त ताण तिच्या पृष्ठभागावर येतो, आणि बळकट तंतूही आता तिथेच असत. या काठ्यांसाठी लागणारा बांबू त्या काळी आपल्याकडून जाई आणि 'कलकत्ता केन' या नावाने ओळखला जाई. विसाव्या शतकात त्याची जागा दक्षिण चीनमधील टोंकिन बांबूने घेतली.

१९५०च्या अखेरीस अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि टोंकिन बांबू मिळेनासा झाला. तोवर पर्याय तयार होता. आर्थर होवाल्ड हे प्लास्टिक उद्योगातील रसायनतज्ज्ञ. आपली बांबूची काठी मोडल्यावर त्यांनी काचतंतू आणि राळ यांपासून नवी काठी घडवली. तिच्यावर आधारलेली काठी १९४७ साली शेक्सपिअर नावाच्या कंपनीने बाजारात आणली. (कंपनीचे संस्थापक विल्यम शेक्सपिअर मिशिगनचे, नाटककाराशी त्यांचा संबंध नाही!) १९७०च्या दशकात विमानांसाठी विकसित झालेले कार्बनतंतू काठीत आले. तेवढ्याच वजनात कार्बनची काठी काचेपेक्षा पुष्कळ ताठ असते.

मग ताठ काठी नेहमीच चांगली का? नाही. भरीव गोल दांड्याचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घातानुसार बदलतो; व्यास दुप्पट केला तर ताठपणा सोळापट. त्यामुळे काठी मुळापासून टोकाकडे कशी निमुळती केली आहे, यावर ती कुठे वाकणार हे ठरते. फक्त शेंड्याला वाकणारी काठी हाताचा झटका लगेच गळापर्यंत पोचवते. मध्यापर्यंत वाकणारी काठी थोडा वेळ घेते. कोणती घ्यावी हे आमिष ठरवते.

लाकडाचा बेडूक, प्लास्टिकचे गांडूळ

मिशिगन राज्यातील डोवॅजिॲक गावचे जेम्स हेडन हे नामवंत मधपाळ होते. मधमाश्यांच्या पेटीत त्यांनी सुधारणा केल्या होत्या. आख्यायिका अशी की मित्राची वाट पाहताना त्यांनी एक लाकूड तासले आणि सहज तळ्यात फेकले, तर बासने त्यावर झडप घातली. आख्यायिका खरी असो वा नसो, १८९०च्या दशकात त्यांनी कोरलेले लाकडी बेडूक आजही संग्राहकांकडे आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचा आमिषांचा कारखानाही उभा राहिला.

१९४९ साली टायरसाठी प्रसिद्ध असलेल्या ओहायोतील ॲक्रन शहरात निक क्रीम या यंत्रकारागिराने पत्नी कॉस्मा यांच्यासह घरीच व्हिनाइल प्लास्टिक, तेल आणि रंग शिजवून मऊ गांडूळ ओतले. त्यात गळाचे टोक लपवता येई, त्यामुळे ते पाणगवतात अडकत नसे. पण मासा लागला की तेच टोक आधी प्लास्टिकमधून आणि मग माशाच्या जबड्यात घुसवावे लागे. त्यासाठी ताठ काठी आवश्यक झाली. उलट, अनेक उघडे गळ असलेला लाकडी किंवा कडक प्लास्टिकचा मासा ओढताना ताठ काठी घात करते. बासने आमिष तोंडात घेण्याआधीच झटका बसतो आणि ते निसटते. म्हणून कार्बन युगातही अशा आमिषांसाठी पुष्कळ जण जुन्या काचतंतूच्या काठीकडे वळतात.

आणि आमिषाचा रंग? दुकानात शेकडो छटा दिसतात. १९३७ साली इलिनॉय येथे फ्रँक ब्राउन यांनी बासना रंग ओळखण्याचे शिक्षण देऊन चाचण्या घेतल्या. पिवळ्या काचेतून पाहणाऱ्या माणसाला जसे दिसेल तशी बासची दृष्टी असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार बास लाल आणि हिरवा रंग चांगला ओळखतो, पण निळा व काळा यांत त्याची गल्लत होते. दुकानातल्या कित्येक छटा माशापेक्षा गिऱ्हाईकालाच अधिक भुलवतात, असे म्हणायला हरकत नाही.

गळ काय निवडतो?

इथवर आपण माणसाने साधन कसे निवडले ते पाहिले. आता उलट प्रश्न विचारू. साधन कोणता मासा निवडते?

इलिनॉयमधील रिज लेक या लहान तलावावर १९७०च्या दशकात एक दीर्घ प्रयोग सुरू झाला. पकडलेल्या प्रत्येक बासवर खूण करायची, नोंद करायची आणि त्याला परत सोडायचे. चार वर्षांनी तलाव रिकामा केला तेव्हा सुमारे १,७०० बास मिळाले. काही बास पुन्हापुन्हा पकडले गेले होते. एक तर एका वर्षात सोळा वेळा. सुमारे २०० मात्र एकदाही गळाला लागले नव्हते. संशोधकांनी वारंवार सापडणाऱ्यांची वेगळी आणि न सापडणाऱ्यांची वेगळी पैदास केली. तीन पिढ्यांत दोन्ही वंशांतले अंतर वाढत गेले. म्हणजे गळाला लागण्याची प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक आहे. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले.

२०१२ सालचा पुढचा अभ्यास अधिक विचार करायला लावणारा आहे. बासमध्ये अंड्यांची आणि पिलांची राखण नर करतो. घरट्याजवळ येईल त्यावर तो तुटून पडतो. सहज गळाला लागणारे नर हेच अधिक दक्ष राखणदार निघाले. ज्या आक्रमकपणामुळे ते लाकडी बेडकावर झडप घालतात, तोच पिलांना वाचवतो. असा नर काही मिनिटे जरी घरट्यापासून दूर गेला, तरी आसपासचे मासे अंडी फस्त करू लागतात.

मासा पकडून परत सोडण्याची प्रथा अमेरिकेतील बास स्पर्धांनी १९७२ पासून उचलून धरली. तिने पुष्कळ मासे वाचले, यात शंका नाही. पण घरट्यावरच्या नराला पकडून सोडले, तरी परत येईतो त्याचे घरटे लुटले गेलेले असू शकते. म्हणून कॅनडातील ओंटारिओसारख्या प्रांतात विणीच्या काळात बासची शिकार बंद ठेवली जाते. नैसर्गिक निवड शिकवताना आपण बहुधा गालापागोसच्या पक्ष्यांकडे जातो. ओढ्याकाठी गळ टाकून बसणाऱ्या मुलांना मात्र एक प्रश्न त्यांच्या ओळखीचाच विचारता येईल: तुमच्या गळाला जे लागले ते कोणत्या स्वभावाचे मासे होते, आणि ओढ्यात कोणते उरले?