किहीमची सुगरण

पनवेलच्या आमच्या परसात बुलबुलाची जोडी उतरली, की घरातल्यांचा हात आधी मोबाइलकडे जातो. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या हौशी साहेबाचा तो बंदुकीकडे गेला असता. विधान कठोर वाटेल, पण आपल्याकडचा शास्त्रीय पक्षिअभ्यास वाढला तो बराचसा शिकारीच्या नादातून. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहातले कितीतरी पक्षी छऱ्यांनी टिपलेले आहेत. ‘टिपणे’ हे क्रियापद आपण आता कॅमेऱ्यासाठी वापरतो. (पक्षी बिचारे फक्त दाणे टिपतात.)

सलीम अलींनी लहानपणी पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी सर्वांना ठाऊक आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते १९३० साल. बर्लिनला स्ट्रेसमान यांच्याकडे शिकून ते परतले, तो प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधली त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली. पत्नी तहमीनांसह ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. पनवेल आणि किहीम दोन्ही तेव्हा कुलाबा जिल्ह्यात. हाताला काम नाही आणि जवळच सुगरणींची वसाहत.

मराठीने या पक्ष्याला स्त्रीलिंगी नाव दिले. बहिणाबाईंनीही खोप्याचे श्रेय सुगरणीलाच दिले. किहीमला दिसले ते वेगळेच. विणकर नर. तो घरटे अर्धे विणून ठेवतो, मग माद्या येतात, आत शिरून पाहतात. पसंत पडले तर मादी तिथे राहते आणि नर उरलेली वीण पुरी करतो. नापसंत झाले तर ते तसेच लोंबत राहते. ती अंड्यांवर बसली, की हा शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. यातले काहीही मेलेल्या पक्ष्यावरून कळले नसते. त्यासाठी दिवसच्या दिवस बसून राहावे लागले.

पनवेल तालुक्यातले कर्नाळा १९६८ साली अभयारण्य झाले. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून तिथे काम केले आणि पक्ष्यांची लोकांच्या तोंडची नावे मराठी ग्रंथांत आणली. बंदूक गेली, नावे आली. पुढे कॅमेरे स्वस्त झाले.

पावसाच्या तोंडावर तिबोटी खंड्या कर्नाळ्याच्या रानात विणीला येतो आणि ओहोळाकाठच्या दरडीत बीळ करतो. माणसे बिळाच्या फार जवळ बसली, तर तो चोचीत भक्ष्य धरून फांदीवरच थांबतो. पिले आत उपाशी. आणि नेमके तेच छायाचित्र सर्वांना हवे असते, चोचीत पाल धरलेला खंड्या. बसून राहणे दोन्हीकडे आहे, पण किहीमचे बसणे पक्षी काय करतो ते पाहण्यासाठी होते.

दुसऱ्यांना बोलण्याचा अधिकार मला फारसा नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या मधुमालतीत बुलबुलाने घरटे केले होते. फोटो स्वच्छ यावा म्हणून मी दोन डहाळ्या सुतळीने बाजूला बांधल्या आणि संध्याकाळी सोडायला विसरलो. दुसऱ्या दिवशी घरटे रिकामे होते. भारद्वाज कुंपणावर बसलेला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. तीन उघड्या चोची, उजेड उत्तम. कोणाला दाखवलेला नाही.