हीप-ओन्ली टपल (हॉट)

पोस्टग्रेएसक्यूएल या मुक्तस्रोत डेटाबेसमध्ये ओळ बदलताना इंडेक्सवर पडणारा लेखनभार टाळण्याची रचना. ती 8.3 या आवृत्तीत (4 फेब्रुवारी 2008) आली. प्रकाशन-टिपणात तिचे श्रेय पवन देवलसी यांना दिले असून इतर अनेकांच्या कल्पनांचाही उल्लेख आहे. देवलसी त्या वेळी एंटरप्राइझडीबी या कंपनीत काम करीत.

मायकेल स्टोनब्रेकर यांनी 1986 मध्ये बर्कली येथे पोस्टग्रेएसक्यूएलचा पूर्वज असलेल्या पोस्टग्रेसचा आराखडा मांडला, तो वापरणाऱ्याला स्वतःचे विदाप्रकार आणि शोधपद्धती जोडता याव्यात म्हणून. अशा मोकळीकीची किंमत व्यवहारांच्या वेगात मोजावी लागते, असे सर्रास मानले जाते. हॉटच्या दाखल्यावरून हे मत अर्धेच खरे ठरते. या डेटाबेसमध्ये बदल म्हणजे जुनी प्रत ठेवून नवी लिहिणे. सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस करून नवे नाव फेरफार क्रमांकासह लिहितात, तसेच हे. लोणार तालुक्यातील गटांचे क्रमांक, खातेदार, बोजा आणि हद्दीची आकृती एकाच तक्त्यात ठेवली, आणि पोस्टजीआयएस या जोडणीने आकृतीवर जिस्ट या विस्तारक्षम प्रकारचा इंडेक्स बांधला, असे समजू. पीककर्जाचा बोजा चढला तर हद्द तसूभरही सरकत नाही, तरी 8.3 पूर्वी जिस्टसह प्रत्येक इंडेक्समध्ये नवी नोंद पडत असे. हॉटमध्ये दोन अटी आहेत: इंडेक्स असलेला एकही रकाना बदललेला नसावा, आणि नवी प्रत त्याच पानावर (सामान्यतः 8 किलोबाइट) मावावी. त्या पाळल्या गेल्या की इंडेक्स जुन्याच जागेकडे बोट दाखवतो आणि तिथून साखळीने नवी प्रत सापडते. जोडलेल्या इंडेक्सला काही कळवावेच लागत नाही, आणि माझ्या मते या रचनेचे खरे महत्त्व इथेच आहे: वेग वाढला, पण जोडणीची मुभा कुठेही आकसली नाही.

यावर आक्षेप आहे. उबर कंपनीने मायएसक्यूएलकडे का वळलो हे 2016 मध्ये सांगताना इंडेक्सचे हेच वाढीव लेखन एक कारण म्हणून दिले. आक्षेप खरा आहे. खातेदाराच्या नावावर शोधासाठी इंडेक्स असेल, तर वारसाच्या फेरफाराला हॉट उपयोगी पडत नाही. मात्र या अडचणीचे मूळ विस्तारक्षमतेत नसून इंडेक्समध्ये ओळीचा प्रत्यक्ष पत्ता ठेवण्यात आहे. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत दुय्यम इंडेक्स प्राथमिक किल्ली ठेवतो. त्यामुळे लिहिणे वाचते, पण वाचताना बहुधा दोनदा शोध घ्यावा लागतो.

पुढील बदल: 16 व्या आवृत्तीपासून (2023) केवळ ब्रिन (पानांच्या गटांचा सारांश ठेवणाऱ्या) इंडेक्सचे रकाने बदलले तरी हॉट लागू होते.

वापर: पानावर मोकळी जागा राहावी म्हणून तक्त्याचा फिलफॅक्टर (पान भरण्याची टक्केवारी) 100 हून कमी ठेवतात. किती बदल हॉट झाले याची मोजदाद सर्व्हर तक्त्यागणिक ठेवतो; नवा इंडेक्स बांधण्यापूर्वी ती अवश्य पाहावी.