बापाने उघडलेले दार

इंग्लंडच्या उत्तर भागातील बोल्टन हे गाव सुताच्या गिरण्यांचे. सूत कातण्याचे ‘म्यूल’ नावाचे यंत्र १७७९ मध्ये ज्याने सिद्ध केले, तो सॅम्युएल क्रॉम्प्टन याच गावचा. मुंबईच्या गिरण्यांत पिढ्यान्‌पिढ्या धडधडत राहिलेली पुष्कळशी यंत्रे याच लँकेशायर परगण्यातून आलेली होती. तेव्हा येथील गिरणीकामगाराचे आयुष्य कसे असेल, याची कल्पना परळ-लालबागचे जुने दिवस आठवणाऱ्याला सहज करता येईल. आठवडाभर भोंग्याच्या हुकमाने काम करावयाचे आणि शनिवारी दुपारी मोकळा श्वास घ्यावयाचा. १८५० च्या कारखाना कायद्याने स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे काम शनिवारी दोन वाजता थांबविले. त्यांच्यावाचून गिरणी चालत नसल्यामुळे हळूहळू पुरुषांनाही ती अर्धी सुट्टी लाभली. शनिवारी तीनच्या सुमारास फुटबॉलचा सामना सुरू करण्याची चाल पडली, तिचे मूळ या अर्ध्या सुट्टीत आहे.

ही दुपार बापलेकांची होऊन गेली. एरवी बाप मुलाच्या वाट्याला फारसा येत नसे. मुलगा थोडा जाणता झाला की बापाने त्याचा हात धरून त्याला मैदानावर न्यावयाचे, ही जणू घराण्याची रीत ठरली. गावचा संघ म्हणजे ‘बोल्टन वाँडरर्स’. १८७४ मध्ये एका चर्चच्या रविवारच्या शाळेतून तो जन्मास आला आणि १८९५ पासून बर्नडेन पार्क नावाच्या मैदानावर खेळू लागला. बहुसंख्य प्रेक्षक मातीच्या उतारावर उभे राहूनच खेळ पाहत. दाटी झाली की मागच्या मुलांना काही दिसत नसे. मग मोठी माणसे मुलाला उचलीत आणि डोक्यांवरून, हातांहातांनी, पार पुढच्या कठड्यापर्यंत पोहोचवीत. अनोळखी शेकडो हातांवर आपले मूल सोपवून बाप निर्धास्तपणे मागे उभा राहत असे. गर्दीवरील हा विश्वास म्हणजे त्या खेळाचे खरे वैभव होते.

पण ज्यांच्या हाती मैदानांचा कारभार होता, ते या विश्वासाला पात्र होते काय? याचा एक इशारा बोल्टनच्याच सामन्यात मिळाला. २८ एप्रिल १९२३ रोजी लंडनच्या नव्या वेंब्ली मैदानावर बोल्टन व वेस्ट हॅम यांचा अंतिम सामना होता. तिकिटे आगाऊ विकून संख्या मर्यादित करण्याची तसदी कोणी घेतली नाही. दप्तरी नोंद १,२६,०४७ प्रेक्षकांची झाली. प्रत्यक्षात त्याहून कितीतरी अधिक लोक आत घुसले आणि खेळाची जागादेखील माणसांनी भरून गेली. घोडेस्वार शिपायांनी ती मोकळी केली. त्यांतील एका पांढऱ्या दिसणाऱ्या घोड्यामुळे तो सामना ‘पांढऱ्या घोड्याचा सामना’ म्हणून प्रसिद्धीस आला. बोल्टनने तो २-० असा जिंकला. कोणी दगावले नाही, म्हणून लोकांच्या स्मरणात घोडा राहिला आणि धोका विसरला गेला. सरकारने समिती नेमली. १९२४ मध्ये तिचा अहवाल आला. परंतु त्यातील सूचना पाळणे न पाळणे खेळाच्या चालकांच्याच मर्जीवर राहिले.

त्यानंतर बावीस वर्षे लोटली. दुसरे महायुद्ध आले आणि गेले. १९३९ नंतर प्रथमच १९४५-४६ च्या हंगामात चषकाची स्पर्धा पुन्हा भरली. सहा वर्षे अंधार, शिधापत्रिका आणि मृत्यूच्या वार्ता यांत काढलेल्या लोकांना या खेळाची केवढी भूक लागली असेल! ९ मार्च १९४६ च्या शनिवारी बर्नडेन पार्कवर बोल्टन व स्टोक सिटी यांचा सहाव्या फेरीचा दुसरा सामना होता. पहिला सामना बोल्टनने २-० असा जिंकलेला होता. शिवाय स्टोकच्या बाजूने स्टॅनली मॅथ्यूज खेळणार होता. चेंडूवरील ज्याच्या हुकमतीच्या कथा मुलांनी घरोघर ऐकल्या होत्या, तो मॅथ्यूज डोळ्यांनी पाहावयास मिळणार, या आशेने मुलांनी बापांचे हात ओढले असतील, यात नवल नाही.

मैदान मात्र युद्धातून अजून सुटले नव्हते. एका बाजूचा प्रेक्षकसज्जा सरकारने ताब्यात घेतलेला होता. रेल्वेच्या बाजूच्या उतारावर जाण्याची पूर्वेकडील फिरती दारे १९४० पासून बंद होती, ती त्या दिवशीही उघडली नाहीत. त्यामुळे या उतारावर येणारा सारा लोंढा एकाच टोकाने आत शिरू लागला. दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी तेथील दारे बंद करण्यात आली. पण तेवढ्याने लोक थांबले नाहीत. कोणी दारांवरून चढून आले, कोणी रुळांकडून कुंपण ओलांडून आले. दप्तरी संख्या ६५,४१९. अंदाज मात्र सुमारे ८५,००० माणसांचा. दोन्हींमधील वीस हजार माणसे कोणाच्याच हिशेबात नव्हती.

अशा वेळी त्या उतारावरील एका बापाला आपल्या लहान मुलाची काळजी वाटू लागली. मॅथ्यूज पाहण्याचा मोह सोडून त्याने मुलाला बाहेर काढावयाचे ठरविले. जवळचे एक दार कुलूपबंद होते. त्याने खटपट करून कुलूप काढले आणि मुलासह तो बाहेर पडला. बाहेर तिष्ठत असलेल्या लोकांना ते उघडे दार दिसले आणि ते त्याच वाटेने आत घुसले.

तीन वाजता खेळ सुरू झाला. काही मिनिटांतच उतारावरील दोन लोखंडी कठडे मोडले आणि माणसे एकमेकांवर कोसळली. ३३ जण गुदमरून व चिरडून मेले. शेकडो जखमी झाले. एका पोलिसाने मैदानात येऊन पंचाला मृत्यूची वार्ता सांगितली, तेव्हा खेळ थांबला. प्रेते मैदानाच्या कडेला आणून अंगावरच्या कोटांनी झाकण्यात आली. आणि सुमारे अर्ध्या तासाने खेळ पुन्हा सुरू झाला! प्रेतांच्या अलीकडे लाकडाच्या भुशाची नवी रेघ आखली गेली व तिच्या आत खेळाडू धावू लागले. मध्यंतरी विश्रांती न घेता संघांनी बाजू बदलल्या. सामना बरोबरीत सुटला; एकही गोल झाला नाही. दुसऱ्या बाजूच्या हजारो प्रेक्षकांना काय घडले याचा पत्ताही नव्हता. खेळ चालू ठेवल्याचा आपल्याला उबग आला, असे मॅथ्यूजने पुढे सांगितले.

आता प्रश्न असा की, त्या बापाने अपराध केला काय? वरवर पाहणारा म्हणेल, त्याने कुलूप काढले नसते तर एवढी माणसे आत आली नसती. पण आपले मूल दाटीत घुसमटत असताना कुलपाचा मान राखीत बसेल, असा बाप कोठे मिळेल? बाहेर पडू पाहणाऱ्यासाठी एकही दार खुले नसावे आणि ते उघडून देणारा एकही माणूस तेथे नसावा, हा खरा दोष होता. आत किती माणसे आहेत हे कोणी मोजीत नव्हते, किती मावतील हे कोणी ठरविलेले नव्हते आणि उतार भरला आहे असे सांगण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हेही निश्चित नव्हते. ज्यांनी मोजावयाचे त्यांनी मोजले नाही, म्हणून एका बापाला कुलपाला हात घालावा लागला.

सरकारने मोएल्विन ह्यूज यांच्याकडे चौकशी सोपविली. मैदानाची क्षमता शास्त्रशुद्ध रीतीने ठरवावी, आत येणारा प्रत्येक जण मोजला जावा आणि मोठ्या मैदानांना परवान्यावाचून सामने भरवू देऊ नयेत, असे त्यांनी १९४६ मध्येच सुचविले. कायदा मात्र झाला नाही. २ जानेवारी १९७१ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावरील जिन्यात ६६ माणसे चेंगरून मेली, तेव्हा कोठे १९७५ मध्ये मैदानांच्या सुरक्षिततेचा कायदा आला. बोल्टनच्या मृतांना एकोणतीस वर्षे वाट पाहावी लागली.

कायद्यानेही सारे भागले नाही. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर पुन्हा एक दार उघडले गेले. या वेळी पोलिसांच्या हुकमाने. बाहेरची दाटी कमी करावी हा हेतू होता. पण आतला भाग आधीच भरलेला आहे, हे पाहून लोकांना दुसरीकडे वळविण्याची व्यवस्था झाली नाही. त्या दुर्घटनेत ९७ जीव गेले. सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता. एक बाप आणि त्याचा मुलगा बरोबरच गेले. दोष प्रेक्षकांवर ढकलण्यात आला, आणि मृतांच्या आईबापांना तो पुसण्यासाठी सत्तावीस वर्षे झगडावे लागले. २०१६ मध्ये ज्यूरीने निर्णय दिला की, ही माणसे बेकायदेशीरपणे मारली गेली आणि प्रेक्षकांचा यात काही दोष नव्हता.

ही गोष्ट केवळ परदेशची समजू नये. १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान व ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात प्रेक्षकांत दंगल होऊन चेंगराचेंगरीत १६ जण प्राणास मुकले. घरून हसत निघालेली मुले परत आली नाहीत. जेथे जेथे मोठा समुदाय जमतो, मग तो खेळासाठी असो वा देवदर्शनासाठी, तेथे तेथे बोल्टनचा प्रश्न उभाच असतो.

चित्रकार एल. एस. लाउरी याने १९५३ मध्ये बर्नडेन पार्कचे एक चित्र काढले. चोहीकडून काड्यांसारखी बारीक माणसे पुढे झुकून मैदानाकडे चालली आहेत. सात वर्षांपूर्वी जेथे ३३ जण गेले, त्याच मैदानाकडे लोकांची पावले पुन्हा वळली होती. त्यांनी विश्वास टाकला नव्हता. १९९७ मध्ये ते मैदान बंद झाले आणि त्या जागी दुकान उभे राहिले. मृतांच्या स्मरणार्थ तेथे फलक लावला गेला.

मुलाला खेळाला नेणारा बाप दोन गोष्टी बरोबर नेतो. एक मुलाचा हात आणि दुसरी, तो हात सुखरूप घरी परत येईल ही श्रद्धा. पहिलीची जबाबदारी त्याची असते. दुसरीची, दारे बांधणारांची आणि माणसे मोजणारांची. त्यांनी आपले काम केले, तर बापाला कुलूप तोडावे लागत नाही, आणि मुलाच्या आठवणीत त्या दिवसाचा फक्त खेळ राहतो.