रावळगावची गोळी

1923 साली सोलापूरच्या वालचंद हिराचंद दोशींनी नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावी दीड हजार एकरांच्या आसपास जमीन घेतली. माळरानच ते. पण डोंगर फोडून रेल्वेचे बोगदे काढलेल्या माणसाला खडकाची धास्ती कसली! जमीन फोडून, सपाट करून तिथे ऊस उभा राहिला. 1932 साली परदेशी साखरेविरुद्ध देशी कारखान्यांना जकातीचं संरक्षण मिळालं आणि पुढच्याच वर्षी रावळगावचा साखर कारखाना स्थापन झाला.

साखर पोत्यातून निघाली की तिचं गाव हरवतं. चहात पडलेली साखर कुठली, हे कोणी विचारत नाही. 1942 साली दोशींच्या कारखान्याने गोळ्या करायला घेतल्या आणि हे बदललं. आता कागदावर गावाचं नाव होतं.

गोळी करणं म्हणजे साखरेला पुन्हा साखर होऊ न देणं. नुसता पाक आटवला तर थंड होताना त्यात कण धरतात, म्हणून त्यात ग्लुकोज घालतात. दीडशे अंशांपर्यंत उकळून जवळजवळ सगळं पाणी उडवतात आणि रंग, स्वाद, किंचित आंबटपणा घालून गोळा गरम असतानाच मळतात. काचेसारखी कडक, जिभेवर सावकाश विरघळणारी गोळी अशी तयार होते. शाळेत वाढदिवसाला आम्ही तिला ‘चॉकलेट’च म्हणायचो, घरी येईपर्यंत गालात पुरवायची, ही त्यातली खरी मजा.

पुढे मँगो मूड आला, कॉफी ब्रेक आला; पण घराघरांत पोहोचलं ते पान पसंद. तोंडात गोळी गेली की कडू बोल गोड होतात, ही त्याची दूरदर्शनवरची जाहिरात अनेकांना आजही तोंडपाठ आहे.

मग दिवस कठीण आले. साखर महागली, मजुरी वाढली, पण सुट्या नाण्याला बांधलेली गोळीची किंमत वाढवता येईना. शिवाय स्पर्धा दोन्हीकडून होती, मोठ्या कंपन्यांची आणि बिननावाच्या स्वस्त गोळ्यांची. फेब्रुवारी 2024 मध्ये रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्सने 27 कोटी रुपयांना गोळ्यांची नाममुद्रा आणि पाककृती विकत घेतल्या. वाईट वाटलं, आजही वाटतं. व्यवहारात जमीन, इमारती, यंत्रं जुन्या कंपनीकडेच राहिली. विकलं गेलं ते नाव.