चिमणीचा वास

सांबऱ्याच्या विमानतळावर पायऱ्या चढताना आईनं नाकाला पदर लावला. "अगं, चिमणीचा वास येतोय की!" तिचा पहिलाच विमानप्रवास. मी हसले, पण घरी येऊन वाचत बसले, तर आईचं नाकच खरं निघालं. जेट विमानाच्या टाकीत असतं ते नीट साफ केलेलं रॉकेलच. ज्यासाठी आम्ही पोरी डबा घेऊन रेशनच्या रांगेत उभ्या राहायचो, त्याचं सख्खं भावंड.

विमानं आधी उडाली ती मात्र पेट्रोलवर. १९०३ साली राइट बंधूंनी पेट्रोलच वापरलं. पुढे इंजिनांची ताकद वाढली, तसं साधं पेट्रोल आत अवेळी पेटून ठोके देऊ लागलं. १९२१ साली अमेरिकेत त्यावर औषध सापडलं: टेट्राइथाइल लेड, म्हणजे शिशाचं एक संयुग. चिमूटभर घातलं की ठोके बंद. पण शिसं ते विषच. १९२४च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या कारखान्यात ते तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले.

तेव्हा एक बाई उभी राहिली, डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन. हार्वर्ड विद्यापीठातली पहिली स्त्री प्राध्यापक. पण पदवीदानाच्या मिरवणुकीत तिला चालायची मुभा नव्हती. १९२५ साली वॉशिंग्टनच्या बैठकीत तिनं बजावलं, की शिशाचा धोका आवरता येणार नाही, दुसरं काहीतरी शोधा. ऐकलं कुणी नाही. दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं शिशाच्याच पेट्रोलवर लढली.

जेट इंजिनानं ती गरजच संपवली. त्यात इंधन सलग जळत राहतं, ठोक्यांचा प्रश्नच नाही. फ्रँक व्हिटल यांच्या इंजिनाचं विमान १५ मे १९४१ रोजी इंग्लंडात उडालं, ते रॉकेलवर.

कच्चं तेल तापवलं की हलकं पेट्रोल आधी वर जातं, मग रॉकेल, मग डिझेल. रॉकेलच्या एकेका रेणूत साधारण आठ ते सोळा कार्बन असतात. विमानासाठी त्यातलं पाणी काढतात, गंधक कमी करतात. 'जेट ए-१' नावाचं हे इंधन उणे ४७ अंशांपर्यंत गोठत नाही, आणि ३८ अंशांच्या खाली त्याची वाफ ठिणगीनं पेट घेत नाही. पेट्रोलपेक्षा कितीतरी शांत.

आपल्याकडे गाड्यांच्या पेट्रोलमधलं शिसं २००० साली गेलं. शिकाऊ वैमानिकांच्या छोट्या विमानांत मात्र अजूनही बरेच ठिकाणी शिशाचं पेट्रोल भरतात. ओळखू यावं म्हणून त्याला निळा रंग देतात, आपल्या रेशनच्या रॉकेलसारखाच.

हे सगळं आईला सांगितलं. ती गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे त्या बाईचं अजून पुरतं ऐकलं नाहीच की गं."