डॉजला मी रंग दिला नाही

एकेचाळीस वर्षं मी सोलापुरात गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतोय. पोट रंगावरच चाललं. तरीही तीन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांच्या वाड्यातून निघालेली डॉज रंगवायला मी साफ नकार दिला.

गाडी डॉज किंग्जवे. सहा सिलिंडरचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, बॉनेटच्या टोकावर शिंगं वळवलेला मेंढा. डॉक्टर गेले तेव्हा शेडमध्ये लावली, ती तिथंच राहिली. नातू म्हणाला, "मिस्त्री, आरशासारखी चमकली पाहिजे. लग्नात काढायचीय." मी बॉनेट उघडलं, फडकं फिरवलं, तर धुळीखालून पत्र्याची छोटी पाटी वर आली. प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड, मुंबई.

पाटीवर मुंबई असलं तरी ही गोष्ट सोलापूरची आहे. वालचंद हिराचंद इथले, जन्म 23 नोव्हेंबर 1882 चा. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. त्यांचं मन त्यात रमलं नाही. लक्ष्मणराव फाटकांबरोबर भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला आणि तिथून सगळं सुरू झालं. पुढं घाटातले बोगदे, 1919 मध्ये सिंदिया कंपनीची जहाजं, 1940 मध्ये बंगळूरचा विमान कारखाना. मोटारीचा कारखाना मात्र बरीच वर्षं अडून राहिला. युद्धाच्या धामधुमीत इंग्रज सरकारनं त्याला पाठबळ दिलं नाही. 1944 मध्ये प्रीमियर स्थापन झाली आणि 1947 मध्ये कुर्ल्यातून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो, प्लिमथ. सुटे भाग पेट्यांतून मुंबई बंदरात उतरायचे आणि कुर्ल्याचे कामगार ते जोडायचे. नुसती जोडणी पुरे, असं म्हणणाऱ्या परदेशी कंपन्यांना सरकारनं 1953 मध्ये दार दाखवलं. फोर्ड गेली, जनरल मोटर्स गेली, प्रीमियर टिकली. त्याच वर्षी 8 एप्रिलला वालचंद वारले.

त्यांच्या नावाचं कॉलेज सोलापुरात आहे, नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. पण त्यांच्या कारखान्यात काम कसं होत होतं, ते बघायचं कुठं? हात न लागलेल्या गाडीतच. हे मला उशिरा कळलं, आणि त्याची किंमत दुसऱ्या एका गाडीनं मोजली.

1991 मध्ये माझ्याकडे एक डिसोटो आली होती. मी पाण्याचा कागद मारून रंग पार पत्र्यापर्यंत उतरवला, लांबी भरली, वर चकचकीत मरून रंग चढवला. गादीचं मूळ कापड फाडून टाकलं आणि रेक्झिन बसवलं. पाटीसुद्धा रंगाखाली गेली. मालक खूश, मीही खूश. आज कुणी विचारलं, की कुर्ल्याचा रंग कसा होता, हाताला कसा लागायचा, तर माझ्याकडे उत्तर नाही. बघायला मिळालं होतं, तेव्हा मी ते घासून काढलं.

म्हणून डॉजपाशी मी दोन दिवस नुसता बसून राहिलो. ड्रायव्हरच्या दारावर, काचेखालच्या कडेला, डॉक्टरांचं कोपर टेकायचं त्या जागी रंग वितभर झिजला होता. आधी काळा, मग तांबूस प्रायमर, मधोमध उघडा पत्रा, आणि तो घासून घासून गुळगुळीत झालेला. असा उतार कागदानं करता येत नाही, मी करून पाहिलंय. मागच्या सीटवर सोलापुरी चादर अंथरलेली होती. ती उचलली तर खालचं कापड जसंच्या तसं. स्टिअरिंगच्या मधोमध कुंकवाचे थर, दरवर्षीच्या दसऱ्याचे. समोरच्या कप्प्यात आपट्याची वाळकी पानं. यातलं काय घासायचं, सांगा.

कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींची भगवी मेबॅक निघते, ती झळाळलीच पाहिजे. तो सोहळ्याचा मान आहे. पण प्रत्येक जुन्या गाडीला तोच न्याय लावायची आपल्याकडे खोड आहे. जग मात्र दुसरीकडे वळलंय. 2015 मध्ये पॅरिसच्या लिलावात, फ्रान्समधल्या एका शेतातल्या शेडमध्ये मासिकांच्या गठ्ठ्यांखाली सापडलेली फेरारी धुळीसकट विकली गेली, सुमारे 1.6 कोटी युरोंना. आपल्या सरकारचा 2021 चा नियमही हेच मागतो: विंटेज म्हणायची तर गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, मोठा फेरबदल झालेला नको. नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षांची, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं.

नातवाला मी हे सगळं सांगितलं. तो आधी चिडला. मग मी त्याला दारापाशी नेलं आणि त्याचं कोपर त्या झिजलेल्या जागी टेकवलं. तो बराच वेळ तसाच उभा राहिला.

मी गाडी धुतली, उंदरांचं घरटं काढलं, पेट्रोलची टाकी साफ केली. ब्रेक सोडवले, कारण गाडी थांबलीच पाहिजे, तिथं जुनेपणाचे लाड नकोत. सहा व्होल्टची बॅटरी शोधून आणली. गंज लागला होता तिथं तेलाचा हात फिरवला. पाटी मऊ फडक्यानं पुसली, पॉलिश लावलं नाही. बंपरचा पोचा तसाच ठेवला. चादर झटकून परत सीटवर अंथरली.

लग्नात गाडी निघाली. नवरदेव मागं बसला आणि नातवानं स्वतः चालवली, कोपर दारावर टेकवून.