‘फुल’ म्हणजे कोणाच्या मापानं?

गोंदियात कॅमेऱ्यावर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: फुल फ्रेम घेऊ की क्रॉप? विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा सारस असतो, आणि ‘फुल’ म्हणजे पूर्ण, ‘क्रॉप’ म्हणजे कापलेलं, हा हिशेबही आधीच झालेला असतो. आज आपण या दोन शब्दांचा इतिहास बघू.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागला. त्या काळच्या सिनेमाची फिल्म ३५ मिलिमीटर रुंद असायची आणि तिच्यावरची एकेक चौकट साधारण १८ बाय २४ मिलिमीटर. जवळपास त्याच सुमारास जर्मनीत ऑस्कर बार्नाक हा तंत्रज्ञ हीच सिनेमाची फिल्म एका लहानशा कॅमेऱ्यात आडवी घालून बघत होता. सिनेमाची चौकट त्यानं दुप्पट केली, २४ बाय ३६. तोच पुढे १९२५ मध्ये बाजारात आलेला लायका. काचेच्या मोठाल्या प्लेटांवर काम करणारे लोक या मापाला ‘मिनिएचर’ म्हणत. म्हणजे आज ज्याला आपण ‘फुल’ म्हणतो, त्याचं जन्मनाव ‘चिमुकलं’!

मग ‘क्रॉप’ कुठून आलं? १९९९ मध्ये निकॉन डी-१ आला. त्याचा सेन्सर २३.७ बाय १५.६ मिलिमीटर. पुढच्याच वर्षी कॅननचा डी-३० आला, तो याहून किंचित लहान. सेन्सर लहान ठेवायचं कारण कारखान्यातलं होतं. सिलिकॉनच्या चकतीवर कुठे ना कुठे दोष राहतोच, आणि तुकडा जितका मोठा तितका तो दोष त्यात सापडण्याची शक्यता जास्त. शिवाय चिप छापणाऱ्या यंत्राच्या एका झडपेत २४ बाय ३६ चं माप मावत नसे, तुकडे जोडून छापावे लागत. लोकांकडे लेन्स मात्र फिल्मच्या काळातल्या होत्या. त्या लहान सेन्सरवर लावल्या की चित्राच्या कडा गळायच्या, म्हणून ‘क्रॉप’. पण फाळक्यांच्या चौकटीशी ताडून बघा: रुंदी जवळजवळ तीच! २००२ मध्ये कॅननचा १-डीएस आला, २००५ मध्ये त्या मानानं स्वस्त ५-डी, आणि २००७ मध्ये निकॉनचा डी-३. ‘फुल फ्रेम’ हा शब्द तेव्हापासून मोठेपणानं मिरवू लागला.

आता आपल्या बांधीत येऊ. सारस उभा राहिला की साडेपाच-सहा फूट. समजा, तो १०० मीटरवर आहे आणि आपल्याकडे ४०० मिलिमीटरची लेन्स आहे. सेन्सरवर पडणारी त्याची प्रतिमा साधारण ७ मिलिमीटर उंच. कॅमेरा कुठलाही लावा, ती ७ मिलिमीटरच. फुल फ्रेमवर ती चौकटीच्या उंचीचा तिसरा हिस्साही भरत नाही, क्रॉपवर जवळपास निम्मी भरते. दोन्ही कॅमेरे २४ मेगापिक्सेलचे असतील, तर फुल फ्रेमवर पक्ष्याच्या उंचीला साधारण १,२०० पिक्सेल येतात आणि क्रॉपवर १,८०० च्या आसपास.

“पण अंधारात फुल फ्रेम चांगला ना?” चांगला, अगदी खरं. त्याचं क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणून पूर्ण चौकटीत प्रकाशही तितका जास्त. पण पक्ष्याच्या वाट्याला त्यातला किती? त्या ७ मिलिमीटरांवर पडेल तितकाच. मग घरी येऊन फोटो कापला की ते मोठं क्षेत्रफळ कापलेल्या भागाबरोबर गेलं. लाभ घ्यायचा तर चौकट भरायला हवी. त्याला दोन वाटा. एक, ६०० मिलिमीटरची एफ-४ लेन्स, तीन किलोंच्या वर वजन आणि एका मोटारीची किंमत. दुसरी, पुढे सरकायचं. दुसरी फुकट आहे, आणि घोळ तिथेच होतो.

सारस पावसाळ्यात, रोवणी झालेल्या धानाच्या बांधीत घरटं करतो, अंडी बहुधा दोन. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः गोंदियात आणि आजूबाजूलाच उरलाय, तोही मोजून काही डझन. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली होती. आम्हीही एका वर्षी धुऱ्यावरून हवं त्यापेक्षा पुढे गेलो. अंड्यावरचा पक्षी उठला आणि आम्ही, लाज वाटते सांगायला, शटर दाबत राहिलो. कावळे झाडावर होतेच. ज्याचं शेत होतं तो शेतकरी लांबून ओरडला तेव्हा आम्ही मागे फिरलो. फोटो उत्तम आला होता. तो आम्ही कुठेच लावलेला नाही.

म्हणून आमचं मत एकतर्फी आहे. सारसासाठी पैसे बेताचे असतील तर क्रॉप घ्या आणि उरलेले लेन्सवर घाला. लग्नाच्या मांडवात काम करणाऱ्यानं, किंवा नवेगावबांधाचं पहाटेचं पाणी टिपणाऱ्यानं फुल फ्रेम जरूर घ्यावा. तिथे चौकट सहज भरते आणि पुढे सरकण्यानं कोणी उडून जात नाही. ४५ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम हा मधला मार्ग आहे. निकॉन डी-८५० ची चौकट कापून क्रॉपएवढी केली तरी १९ मेगापिक्सेल हातात राहतात. फक्त खिसा तसा हवा.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघापासून हात वर केलाय, आधी त्या बोलतील.